भुईकाटा

ट्रक तोलायच्या काट्याला आमच्याकडे भुईकाटा म्हणतात. काटा भुईत बसवलेला असतो म्हणून भुईकाटा. कोल्हापूर जिल्ह्यातली माणसं वस्तूला नाव ठेवताना फार लांब जात नाहीत. राजस्थानकडून आमचं कापड न्यायला येणारे ड्रायव्हर मात्र त्याच वस्तूला 'धर्मकाटा' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला अगदी भरून आलं. छत्तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला भरून यायला एवढंसं पुरतं. काय ही भाषा! तराजू म्हटला की तिथं धर्म आलाच. चित्रगुप्ताची कचेरी जणू थेट डांबरी सडकेला लागून, बाहेर चहाची टपरी, आणि आत एक पोरगा कॉम्प्युटरवर पाप-पुण्य छापून देतोय!

आमच्या घराजवळ, कबनूरच्या अंगाला, असा एक काटा आहे. संध्याकाळी पाय मोकळे करून परतताना मी तिथं घटकाभर टेकतो. काटेवाला माझा विद्यार्थी. (एका गावात छत्तीस वर्षं मास्तरकी केली की गावात दोनच प्रकारची माणसं उरतात : आपले विद्यार्थी आणि आपल्या विद्यार्थ्यांचे वडील.) तो खुर्ची पुढं करतो, "बसा सर" म्हणतो आणि कामाला लागतो. ट्रक हळूच लोखंडी फलाटावर चढतो, लाल आकडे धावतात, अडखळतात, स्थिर होतात आणि यंत्रातून पावती बाहेर येते. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ माल. सगळं छापील.

"या गाडीचं पासिंग किती रे?" मी एकदा सहज विचारलं. पासिंग म्हणजे सरकारदप्तरी त्या गाडीला जेवढा माल भरायची मुभा असते तो आकडा.

"नऊ टन, सर."

"आणि पावतीवर?"

"चौदा टन तीनशे चाळीस किलो."

"मग?"

"मग काय? काट्याचे पैसे दिलेत की त्यांनी."

या उत्तरात उद्धटपणा मुळीच नव्हता. पोराला माझा प्रश्नच कळला नव्हता. वजन किती ते सांगणं त्याचं काम. ते बरोबर की चूक, हे त्याला कुणीच कधी विचारलं नव्हतं. विचारणारा मीच पहिला, आणि मी तर मराठीचा मास्तर.

सॉक्रेटिसाचं असं म्हणणं होतं की जाणूनबुजून कुणी वाईट वागत नाही, माणूस चुकतो तो अज्ञानापोटी. सॉक्रेटिस थोर माणूस, त्याच्याबद्दल मला आदर आहे, पण अथेन्सात भुईकाटा नव्हता. आमच्याकडे अज्ञानाला जागाच उरलेली नाही. मालकाला ठाऊक आहे, ड्रायव्हरला ठाऊक आहे, व्यापाऱ्याला ठाऊक आहे. तेही अंदाजे नव्हे, किलोपर्यंत. २०१८ सालापासून ई-वे बिल आलं. माल कुठून निघाला, कुठं चालला, किती किमतीचा, कुठल्या नंबरच्या गाडीतून, हे सरकारला कळवून मगच गाडी हलते. २०२१ साली फास्टॅग सक्तीचा झाला, त्यामुळे गाडी टोलनाक्यावरून किती वाजता गेली तेही लिहून ठेवलं जातं. जुन्या काळच्या पापी माणसाला निदान पाप लपवायचे कष्ट तरी होते. आताच्या पापाची पावती मिळते आणि ती खर्चाच्या फायलीला लावता येते.

परगावच्या वाचकाला इथं थोडं गाव समजावून सांगायला हवं. घोरपडे सरकारांच्या या जहागिरीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून गावाला दोनच उद्योग : विणायचं आणि पाठवायचं. रेल्वे १८९१ साली कोल्हापुरात पोचली, पण जाता जाता ती हातकणंगल्यावरून सरळ निघून गेली. इचलकरंजीकडे वळून तिनं पाहिलं नाही. त्यामुळे इथलं सगळं रबरी चाकांवर. दक्षिणेकडून सुताची बाचकी येणार ती ट्रकातून, सायझिंगहून बीम मागावर जाणार तो टेम्पोतून, आणि विणलेलं कोरं कापड रंगायला अहमदाबाद, पाली, बालोतऱ्याला जाणार ते पुन्हा ट्रकातून. त्यात नदीकाठचा ऊस. दिवाळी आली की साखर कारखाने पेटतात आणि मार्चपर्यंत रस्त्यावर माणसापेक्षा ऊस जास्त दिसतो. अशा गावात राहून ट्रकची तक्रार करायची म्हणजे देहूत घर बांधायचं आणि टाळांचा आवाज होतो म्हणून कुरकुरायचं. तेव्हा ही तक्रार नव्हे. मला पडलेलं कोडं आहे, एवढंच समजा.

आमच्या गल्लीत एक ट्रान्सपोर्टवाले राहतात. गल्ली त्यांना मामा म्हणते म्हणून मीही म्हणतो. वास्तविक ते माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तर या मामांसमोर मी एकदा पासिंगचा विषय काढला. मामा गाडीच्या टायरला हातोडी मारून हवा बघत होते. हातोडी खाली ठेवून म्हणाले, "सर, पासिंग म्हंजे देवाचं नाव हाय. सकाळी उठून घ्यायचं, उदबत्ती ओवाळायची. त्याच्यावर धंदा हुईत न्हाई."

"पण का होत नाही?"

मामांनी खिशातून खडू काढला. (मास्तरकी सोडल्यावर खडू बघून जीव कासावीस होतो, ते असो.) गाडीच्या फाळक्यावर त्यांनी हिशेब मांडला. समजा एका खेपेचा खर्च २०,००० रुपये. डिझेल, टोल, टायर, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता सगळं धरून. दहा टन भरले तर टनाला २,००० रुपये पडतात. चौदा टन भरले तर १,४०० च्या आसपास; डिझेल थोडं जास्त जळतं, टायर लवकर झिजतात, म्हणून धरा १,५००. "आता सर, तुम्ही व्यापारी. मी म्हणतो दोन हजार, पलीकडचा म्हणतो सोळाशे. माल कुणाला द्याल?"

मी गप्प बसलो. विद्यार्थ्यांनी अडचणीचा प्रश्न विचारला की "हे परीक्षेला येणार नाही" असं म्हणायची सोय असते. इथं तीही नव्हती.

आणि मामा हे नुसते हिशेबी गृहस्थ आहेत अशातला भाग नाही. त्यांनी पासिंगप्रमाणे गाड्या चालवूनही बघितल्या आहेत. मागं एकदा घाट उतरताना त्यांच्या गाडीचे ब्रेक तापून सुटले. ड्रायव्हर वाचला, पण पायाने अधू झाला. मामा चार दिवस जेवले नाहीत. मग त्यांनी देवापुढं उभं राहून ठरवलं की यापुढं पासिंगच्या वर एक बाचकं भरायचं नाही. त्या वेळी त्यांच्याकडे तीन गाड्या होत्या. हा नेम आठ महिने चालला. आठव्या महिन्याला बँकेचा हप्ता थकला आणि एक गाडी विकावी लागली. जो ती घेऊन गेला तो त्याच गाडीत सोळा टन भरतो. म्हणजे हिशेब बघा : पूर्वी ती गाडी चौदा टन घेऊन धावत होती, मामांनी सन्मार्ग धरल्यामुळे ती आता सोळा टन घेऊन धावते. एका माणसाच्या सदाचरणानं रस्त्यावरचं ओझं दोन टनांनी वाढलं. नीतिशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात हे गणित सुटतं ते मला ठाऊक नाही.

कान्ट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने यावर एक कसोटी सांगितली आहे. हे गृहस्थ १७२४ साली कोनिग्सबर्ग या गावी जन्मले, तिथंच शिकले, तिथंच शिकवलं आणि १८०४ साली तिथंच वारले. मास्तर म्हणून मला ते अगदी घरचे वाटतात. त्यांचं म्हणणं असं की एखादी गोष्ट करण्याआधी स्वतःला विचारावं, सगळ्या जगानं असंच वागावं असं मी म्हणू शकेन का? खोटं वचन देऊन पैसे उसने घेणाऱ्याचं उदाहरण ते देतात. सगळेच खोटी वचनं द्यायला लागले तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, आणि मग खोटं वचन देऊनही काही मिळणार नाही. खोटेपणाला फळ येतं ते बाकीचे खरं बोलतात म्हणून.

आता हे इचलकरंजीत लावून पाहा. पहिल्या ज्या कुणी नऊच्या जागी चौदा टन भरले असतील, त्याची चैन झाली असेल. बाकीचे नऊच भरत होते, भाडं नऊच्या हिशेबानं ठरत होतं, वरचे पाच टन याचे निव्वळ खिशात. मग शेजाऱ्यानं बघितलं. मग त्याच्या शेजाऱ्यानं. हळूहळू सगळेच चौदा भरायला लागले आणि भाडंही चौदाच्या हिशेबावर येऊन बसलं. आता वरच्या पाच टनांत कुणालाच काही मिळत नाही. नियम मोडून जेवढं हाती येतं तेवढंच सगळ्यांनी नियम पाळला असता तरी आलं असतं. टायर वाचले असते आणि त्या ड्रायव्हरचा पाय वाचला असता, ते वेगळंच. सगळ्यांनी मिळून पाप करायचं आणि कुणाच्याच पदरात काही पडायचं नाही. कान्टसाहेबांचं सगळं खरं ठरलं. फक्त त्यांची अशी समजूत होती की एवढं समजल्यावर माणूस थांबेल. मामांना हे सगळं समजतं. माझ्यापेक्षा आधी आणि खडूनं समजतं. पण एकट्यानं थांबलं की गाडी विकावी लागते. सगळ्यांना एकदम थांबवणारा कुणीतरी बाहेरचा लागतो. यालाच नागरिकशास्त्राच्या पुस्तकात 'शासन' म्हणतात, दोन मार्कांना.

माझा एक विद्यार्थी दूरच्या एका जिल्ह्यात मोटार वाहन निरीक्षक आहे. दिवाळीला घरी येतो, पाया पडतो, फराळाचं करतो. देशभरातल्या ट्रकचालकांना विचारून २०२० साली सेव्हलाइफ फाउंडेशननं एक अहवाल काढला होता. त्यात दहांतल्या आठांहून जास्त चालकांनी रस्त्यावर चिरीमिरी द्यावी लागते असं सांगितलं होतं. माझा विद्यार्थी उरलेल्या दोघांना भेटलेला असणार असं मी धरून चालतो. मास्तरानं एवढी श्रद्धा ठेवावी. तर त्याला मी चकलीच्या ताटावर विचारलं, "का रे, जादा वजनाच्या गाड्या तुम्ही सोडता कशा?"

तो हसला नाही. म्हणाला, "सर, कायदा नुसता दंड घ्या म्हणत नाही, जादा माल उतरवून घ्या म्हणतो. पाच टन सूत मी रात्री अकरा वाजता रस्त्यावर उतरवून ठेवू कुठं? हमाल कुठून आणू? पाऊस आला आणि बाचकी भिजली तर भरून कोण देणार?"

"आणि ऊस?"

"ऊस अडवला तर सर, गाडी थांबायच्या आधी फोन येतो."

मग थोडा वेळ तो चकली मोडत बसला. आणि म्हणाला ते मला महत्त्वाचं वाटतं. "शंभर गाड्या जातात, त्यातली एक मी धरतो. तो ड्रायव्हर मला विचारतो, साहेब, माझंच काय वाकडं केलंय मी? आणि सर, त्याचं बरोबर असतं."

त्याचं बरोबर असतं, यातच सगळी गोम आहे. शंभरांतल्या शंभरांना होते ती शिक्षा. पन्नासांना झाली तरी तिला शिक्षा म्हणता येईल. पण शंभरांतल्या एकाला झाली तर तो अपघात. माणूस अपघातातून धडा घेत नाही; दुसऱ्या दिवशी गाडीला लिंबू-मिरची बांधतो. बहुतेक ट्रकच्या पुढच्या बाजूला लिंबू-मिरची असते आणि मागच्या बाजूला लाल दिवा नसतो, त्याचं कारण मला वाटतं हेच असावं. ज्या संकटाची जी जात, तिला तसा उतारा.

कायदा नाही असं मात्र कुणी म्हणू नये. कायदा भरपूर आहे. १९३९ चा होता, तो जाऊन १९८८ चा आला. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली बजावलं की पैसे भरून घेऊन जादा वजनाची गाडी तशीच पुढं सोडता येणार नाही, माल उतरवलाच पाहिजे. २०१९ साली केंद्रानं दंड वाढवून २०,००० रुपये केला आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. दंड वाढला की आमच्यासारख्यांना वाटतं आता जरब बसेल. जाणकार सांगतात की दंडाबरोबर तडजोडीचाही भाव वाढतो, बाकी सगळं जागच्या जागी राहतं.

मधे जुलै २०१८ मध्ये एक मौज झाली. दोन आसांच्या ट्रकचं मालासकट एकूण वजन १६.२ टनांच्या वर नसावं अशी मर्यादा होती, ती १८.५ टन करण्यात आली. जे वजन जूनमध्ये गुन्हा होतं त्याला ऑगस्टात पासिंग म्हणू लागले. परीक्षेत पोरं फार नापास होतात म्हणून पासाचे मार्क पस्तिसावरून पंचविसावर आणावेत, तसं. याला माझी हरकत नाही. वाहनं सुधारली, मर्यादाही बदलावी. पण मर्यादा ओलांडून पुढं उभ्या असलेल्या माणसापर्यंत रेघ नेऊन ओढली की तो काय करतो? थँक्यू म्हणतो आणि दोन पावलं आणखी पुढं सरकतो.

आणि वजनाचं राहू द्या, ते मोजावं लागतं. महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं २०१५ साली मालगाड्यांच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली, कारण त्यामुळे मागचे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. यात मोजायचं काही नाही. अक्षरं हातभर मोठी, पिवळ्याजर्द रंगात, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना कमळं काढलेली. अजूनही रस्त्यावर ती वाचत वाचत जाता येतं.

रस्ता मात्र बिचारा सगळं मोजत असतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं एक प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्करातल्या चालकांनी निरनिराळ्या वजनांचे ट्रक रात्रंदिवस गोल गोल फिरवले आणि रस्ता किती उखडतो ते तपासलं. त्यातून असं निघालं की आसावरचा भार वाढतो त्याच्या जवळजवळ चौथ्या घातानं रस्त्याची झीज वाढते. भार सव्वापट केला तर झीज अडीचपटीच्या घरात. दीडपट केला तर पाचपट. दुप्पट केला तर सोळापट. हाच प्रयोग आमच्या गावी कित्येक वर्षं अखंड आणि विनामूल्य चालू आहे. निष्कर्ष पावसाळ्यात जागोजागी पाण्यानं भरलेले दिसतात. म्हणजे टनाला जे चारपाचशे रुपये वाचले असं व्यापाऱ्याला वाटतं ते वाचलेले नसतातच. ते खड्डे बुजवायच्या खर्चात जातात, आणि तो खर्च मीठ घेणाऱ्या बाईपासून माझ्या पेन्शनीपर्यंत सगळ्यांत वाटला जातो. आपल्या हिश्श्याला नेमका किती आला ते कळत नाही, म्हणून कुणाला दुखत नाही.

उसाच्या काट्याची तर निराळीच गंमत. हंगाम सुरू झाला की आमच्याकडे काटामारीची चर्चा रंगते. काटामारी म्हणजे कारखान्याच्या काट्यावर वजन कमी दाखवून शेतकऱ्याला बुडवणं. त्यावर मोर्चे निघतात, भाषणं होतात, बाहेरच्या काट्यावर वजन करून आणायचा हक्क मागितला जातो. रास्तच आहे; घामाच्या उसातला एक क्विंटल का सोडावा? पण मी ही भाषणं ऐकत असताना माझ्या मनात येतं, काटा दोन क्विंटल कमी दाखवतो की नाही यावर सगळा तालुका पेटून उठतो, आणि तोच काटा ट्रॉलीच्या कुवतीपेक्षा कितीतरी टन जास्त दाखवतो त्यावर कुणी खोकतसुद्धा नाही. एकाच पावतीवरचा एक आकडा अन्याय आणि दुसरा नुसता आकडा. पैसा ज्यात आहे तेवढाच आकडा आपल्याला वाचता येतो. बाकीच्या आकड्यांपुरते आपण सगळे निरक्षर.

गेल्या हंगामात आमच्या पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा गेला. चोवीस वर्षांचा. मागावर रात्रपाळी करून पहाटे मोटरसायकलीवरून गावाकडे चालला होता. उसाची ट्रॉली पंक्चर होऊन वाटेत उभी होती. मागं दिवा नाही, पट्टी नाही. ड्रायव्हरनं चाकामागं दगड लावला होता आणि इशारा म्हणून बाभळीची एक फांदी रस्त्यात टाकली होती. अंधारात काळी फांदी. त्याच्या वडिलांना मी शिकवलं होतं. मी भेटायला गेलो तर ते काही बोलले नाहीत, नुसती खुर्ची पुढं केली.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली : 'उभ्या ट्रॉलीला धडकून तरुण ठार.' मराठीच्या मास्तराची खोड, मी मनातल्या मनात वाक्याचं व्याकरण सोडवलं. धडकणारा कोण? तरुण. म्हणजे जे काही केलं ते त्यानं केलं. ट्रॉली नुसती उभी होती. तिला कुणी उभं केलं, तिच्यावर कुणी किती चढवलं, तिला दिवा नव्हता तो कुणी बघायचा होता, या सगळ्यांना त्या वाक्यात जागाच नाही. त्याच पानावर खाली आणखी एक बातमी होती : विनादिवा वाहनांवर कारवाई करण्यात येईल. इथं तर कर्ताच नाही. करण्यात येईल. कोण करेल? येईल ते करण्यात येईल! मेलेल्या माणसाच्या वाक्याला कर्ता आहे आणि जिवंत माणसांच्या वाक्याला नाही. छत्तीस वर्षं मी प्रयोग शिकवले, पण हा प्रयोग पुस्तकात नव्हता.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. नारदानं त्याला घरी पाठवलं, बायकापोरांना विचारून ये म्हणून, की माझ्या पापात तुमचा वाटा आहे का? घरची माणसं म्हणाली, छे, तुम्ही आणता ते आम्ही खातो, कसं आणता ते तुमचं तुम्ही बघा. ही गोष्ट आपण नेहमी वाल्याच्या बाजूनं सांगतो, कारण पुढं तो वाल्मीकी झाला. घरच्या माणसांचं पुढं काय झालं ते कुणी विचारत नाही. मला मात्र अलीकडे ट्रक बघितला की वाल्या आठवत नाही, त्याचं घर आठवतं. स्वस्त चादर, स्वस्त साखर, 'डिलिव्हरी फ्री'. कायदासुद्धा नुसतं चालवणाऱ्याला धरत नाही, चालवायला लावणाऱ्यालाही धरतो. पण रस्त्यावर हाताला लागतो तो वाल्याच, घर कुठं रस्त्यावर असतं? ट्रकवाल्यांची एक जुनी मागणी आहे : 'ज्याचा माल त्याचा हमाल.' माल चढवा-उतरवायची मजुरी मालवाल्यानं द्यावी, ट्रकवाल्याच्या माथी मारू नये. घोषणा चांगली आहे. पण हमालीचं ठरता ठरता इतकी वर्षं गेली. पापाची हमाली कुणी द्यायची हा विषय अजून बैठकीला यायचाय.

हे सगळं तत्त्वज्ञान मी घरी जेवताना हिला ऐकवलं. सॉक्रेटिस, कान्ट, चौथा घात, वाल्या, सगळं क्रमानं. हिनं आमटी वाढत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, पण ते वजनाचं झालं. जास्त भरलं नाही तर धंदा होत नाही, मान्य. मागं लाल दिवा लावला तर कुठला धंदा बुडतो?"

मी घास हातात धरून बसलो. खरंच की! चौदा टनांचा हिशेब मामांनी फाळक्यावर मांडून दाखवला होता. दिव्याचा हिशेब कुणी मांडला नव्हता, कारण मांडण्यासारखा तो नव्हताच. एक दिवा, दोन वायरी, चार लाल पट्ट्या. एका खेपेच्या चहापाण्यात बसेल. त्यानं भाडं वाढत नाही, व्यापारी पळत नाही, पलीकडचा पुढं जात नाही. तरीही नाही.

मग मला मामांचं ते देवाचं नाव आठवलं. जो नियम पाळून धंदा होत नाही तो एकदा उदबत्ती ओवाळून कोनाड्यात ठेवला की त्याच्या शेजारचेही नियम हळूहळू त्याच कोनाड्यात जाऊन बसतात. ड्रायव्हरला सकाळी निघतानाच ठाऊक असतं की आज आपण गुन्हेगार आहोत. चौदा टनांनी आहोत. मग दिव्यानं आणखी किती होणार? ज्याला पकडलं तर वजनावरच पकडणार, त्यानं दिवा लावून कुणाला खूष करायचं? न पाळता येण्याजोगा एक नियम पुस्तकात ठेवला आणि त्याच्याकडे सगळ्यांनी मिळून डोळेझाक केली, तर त्या झाकल्या डोळ्यांना पुढं दिवाही दिसत नाही.

मी हे हिला सांगितलं. ती म्हणाली, "असेल. पण मग निदान तेवढा एक दिवा तरी बघा म्हणावं. वजन नका बघू. शंभरच्या शंभर गाड्यांचा नुसता दिवा बघा. तो उतरवून ठेवायला जागा लागत नाही."

दिवाळीला निरीक्षक आला की त्याला हे सांगायचं ठरलं आहे. मामांना मात्र दुसऱ्या दिवशीच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "वैनींचं म्हन्नं बराबर हाय. आपल्या दोन्ही गाड्यांचं दिवं चालू हाईत का, बघाय पायजे." बघितलं, तर एक चालू होता. दुसऱ्याची वायर उंदरानं खाल्ली होती. ती त्यांनी माझ्यासमोर जोडली.

काल रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं गच्चीवर बसलो होतो. हंगाम भरात आहे. खालून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागं दोन, वर कर्ण्यावर गाणी. मी मोजत होतो माल आणि ही मोजत होती दिवे. दहा वाजेपर्यंत माझ्या सतरा ट्रॉल्या झाल्या आणि हिचे दिवे झाले तीन. अठराव्या ट्रॉलीच्या मागं एक लाल ठिपका अगदी स्वच्छ चमकत चाललेला दिसला, तशी ही आनंदानं म्हणाली, "तो बघा, चौथा!" आम्ही दोघंही कठड्यावरून वाकून बघायला लागलो. ट्रॉली वळणावर वळली. ठिपका तिच्यापासून सुटा झाला आणि थोडा डावीकडे सरकला. तो ट्रॉलीचा दिवा नव्हता. ट्रॉलीच्या मागून कुणीतरी मोटरसायकलीवरून चाललं होतं.